भिंगाच्या बोटभर वर

३ मार्च

प्रिय बारकीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. तुझा खोकला कसा आहे? फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलताना आई शेजारी कान टवकारून बसलेली असते, म्हणून.

सोबत आपला घरचा फोटो पाठवते आहे, मोठा छापून. तू विचारलं होतंस, "ताई, आईला एवढं कसं हसवलंस गं?" त्याचं उत्तर टाळत होते.

तयारी आठवडाभर चालली होती. खिडकीला पांढरी चादर लावून ऊन मऊ केलं. उंच दादाला खुर्चीत बसवलं, वहिनीला मागे उभं केलं, त्यांच्या लेकीला खाली सतरंजीवर, म्हणजे डोकी एका ओळीत येऊ नयेत. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कोणी घालायचे नाहीत असं आधीच बजावलं होतं, तरी दादा नेमका तोच शर्ट घालून आला. परत पाठवला तर म्हणाला, "फोटो काढतेस की पंचनामा करतेस?" वहिनीची मान आखडली. आईच्या चष्म्यात खिडकी चमकत होती. त्यावरचा उपाय मला चष्म्याच्या दुकानात काम करताना रोजच्या गिऱ्हाइकांवरून ठाऊक आहे. काड्या कानावरून जरा उचलल्या, काचा खाली झुकल्या आणि चमक गेली.

सगळं जमलं, फक्त आई जमेना. तुला ठाऊक आहे तिचा फोटोतला चेहरा. पुढचा दात तुटल्यापासून ओठ गच्च मिटलेले आणि नजर अशी, जणू सरकारी कचेरीत बसली आहे. मी विनोद केले, वेडावून दाखवलं, लहानपणीची गाणीसुद्धा म्हटली. "पुरे गं आता, पाठ दुखते," एवढंच म्हणाली.

अकरा वाजत आले होते आणि रविवार होता. तुझा फोन येणार हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर वेळ मी तीच धरली होती. फोन कॅमेऱ्याच्या भिंगाच्या वर रबराने बांधून ठेवला. तू पडद्यावर आलीस, सगळ्यांना नटून बसलेलं पाहून म्हणालीस, "अगंबाई, वरात कुठे निघाली?" आणि आई हसली. दात, हिरड्या, डोळे, सगळ्यांनी हसली. मी बटण दाबलं.

नीट बघ. तिची नजर भिंगात नाही, बोटभर वर आहे.

आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "कॅमेऱ्यामागच्या माणसावर या बाईंचा किती जीव आहे ते डोळ्यांत दिसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून हसले, आणि घरी येईपर्यंत तुझ्यावर जळत राहिले.

हो, जळत. हेवा वगैरे सभ्य शब्द नकोत. तिची नखं मी कापते, गोळ्या मी देते, डोकं दुखलं तर बाम मी चोळते. मी घरात आले काय, गेले काय, ती मान वर करत नाही. तुझा फोन यायचा म्हटलं की केस विंचरून बसते. आठवड्यातून एकदा पडद्यावर येतेस, तेही अर्धं कपाळ दिसतं, आणि सगळं हसू घेऊन जातेस. तुझी चूक काही नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

तर ऐक. २३ तारखेच्या रविवारी मी एकट्या आईचा फोटो काढणार आहे. त्या दिवशी अकराला फोन करू नकोस. तिने लावला तर उचलू नकोस. अर्धा तास फक्त. तुला तिचे सगळे रविवार आहेत.

तुझी, पण त्या अर्ध्या तासापुरती नाही,
ताई

२४ मार्च

प्रिय बारकीस,
तू शब्द पाळलास. पाळशील असं वाटलं नव्हतं.

आई खिडकीशी बसली होती, केस विंचरून. अकरा वाजून गेले तशी तिची नजर टेबलावरच्या फोनकडे वळायला लागली. "लावून बघ गं तिला." लावला. वाजत राहिला. "बरी असेल ना? परवा खोकत होती." मी फोटो काढत राहिले. एकूण एक फोटोत कपाळाला आठ्या, मान टेबलाकडे. तू नसलीस तरी तूच होतीस.

चष्मा घसरला होता म्हणून नीट करायला तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. जवळून पाहिलं तर तिचे डोळे भरले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, ती बरी आहे. मीच सांगितलं तिला, उचलू नकोस म्हणून. तू माझ्याकडे बघून हसतेस का, ते बघायचं होतं."

ती बघतच राहिली. वाटलं, आता रागावणार.

"अगं वेडे," ती म्हणाली, "तू सारखी त्या डब्यामागे तोंड खुपसून बसतेस. मला दिसतेस कुठे, हसू कोणाला?"

आणि हसली. दातासकट. माझा कान धरून हसत होती. बोटभर वर नाही, थेट माझ्याकडे.

कॅमेरा माझ्या पाठीमागे, स्टँडवर. हात मागे केला असता तर पोचला असता. नाही केला.

मग लगेच म्हणाली, "आता लाव तिला फोन, आधी." पुढचं तुला माहीतच आहे.

तर फोटो नाही. तुला पाठवण्यासारखं काहीच नाही, आणि खरं सांगू, मला त्याचा फार आनंद होतो आहे. येत्या रविवारी अकराला फोन कर. ती वाट बघत असते.

खोकल्याचं औषध घे.

आईची थोरली