कोरांटीवरचा फेटा

राजनंदिनी पोरी,

सून म्हणू का लेक, कळंना. आमचा सौरभ गेल्यावर आमीच तुझं सुप्याला दुसरं लगीन लावून दिलं. आता तुझ्या संसारात आमचं रडगाणं नको, म्हणून हे पत्र काय मी टाकायची न्हाय.

चिंचेखालची तुझी निळी कोरांटी जगलीय. उसाला मिळतं तसं ऊन मिळावं म्हणून ह्यांनी उन्हाळ्यात वरची फांदी तोडली, तर पानं करपली. मग मी सौरभचा लग्नातला फेटा उलगडून वर सावलीला बांधला. पेटीत ठिवून तरी आता कुणाला बांधायचा?

थंडीत झुडूप निळ्या फुलांनी भरलं. फांदीबी परत फुटलीय, सावली पुरती पडतीय.

फेटा तेवढा सोडवंना.

तुझी,
शेळगावची आत्याबाई