कुरेबायाशीबाईंच्या मोटारीचा पोचा

तीर्थरूप फुसाएताईच्या चरणी धाकट्या तेरुओचा वाकून नमस्कार.

यंदाचा पहिला चहा निघाला. सोबत दोन पुड्या पाठवल्या आहेत. पाणी उकळतं घालू नकोस. तू दर वर्षी घालतेस आणि मग आमच्या शिझुओकाच्या चहाला कडू म्हणतेस. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे मात्सुमोतोत थंडीमुळे अजून सकाळची शेगडी पेटवावी लागते का? इकडे मी बरा आहे, नोबुए बरी आहे, आणि आमचं दोघांचं एकमेकांशी बोलणंही गेल्या मंगळवारपासून पुन्हा सुरू झालं आहे. (भांडी वाळवायच्या यंत्रात मी मोटारीची टपं वाळत ठेवतो, म्हणून भाताला रंगाचा वास येतो, असं तिचं म्हणणं. मला येत नाही. पण मला तीस वर्षांत डिझेलचाही वास आला नव्हता.)

बसच्या नोकरीतून सुटल्यापासून तुझा भाऊ खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याच्या प्लास्टिकच्या मोटारी जोडतो, हे तुला ठाऊक आहेच. भाओजी याला तेरुओचं दुसरं बालपण म्हणायचे. पहिलं कधी संपलं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पण ताई, या कामात मी आता कच्चा राहिलेलो नाही. अशा मोटारी जोडणाऱ्यांच्या आमच्या मंडळात बारा जण आहेत. त्यांत चकाकीच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. मी रंगाचे थर देतो, पाणी लावून पॉलिश-कागदाने घासतो, पुन्हा थर देतो, पुन्हा घासतो, आणि शेवटी मऊ कापडाने इतकं पुसतो की टपात तोंड पाहून दाढी करावी. हे मुद्दाम आधी लिहितो आहे, कारण पुढे जे घडलं ते या कौशल्यामुळेच घडलं. अडाणी माणसाच्या हातून ते घडलंच नसतं.

फेब्रुवारीत आमच्या मंडळाच्या बैठकीला कुरेबायाशीबाई आल्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने किरकोळ, कापडात बांधलेली पेटी दोन्ही हातांनी धरलेली. त्यांचे यजमान तोकुजीसान शरदात गेले. मोटार शिकवण्याच्या शाळेत ते उभा जन्म शिक्षक होते. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवली असेल. ते आमच्या मंडळात कधी आले नव्हते, घरीच एकटे मोटारी जोडत बसत. पेटीत त्यांची शेवटची, अर्धवट राहिलेली मोटार होती. नवराबायकोच्या पहिल्या गाडीची नक्कल, पन्नास वर्षांपूर्वीची, दोन दारांची, फिकट पिवळी. आसनं बसवलेली, काचा लावायच्या राहिलेल्या, रंगाचा एकच हात दिलेला. बाई म्हणाल्या, "यांची एवढी पुरी करून मिळाली तर देवघरात ठेवीन."

आमचे म्होरके शिओझावासान यांनी (वय चौऱ्याऐंशी, नजर घारीची, जीभ वस्ताऱ्याची) सगळ्यांकडे पाहिलं. मी हात वर केला. त्यांनी आणखी कोणी हात वर करतंय का, म्हणून बराच वेळ वाट पाहिली. मग पेटी मला दिली.

घरी आणून मी ती दिव्याखाली धरली आणि मनातल्या मनात हळहळलो. माणूस सोशिक असावा, पण हात सफाईचा नव्हता. सांधे दिसत होते, आणि मागच्या डाव्या चाकाच्या वर चक्क एक पोचा होता, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मला वाटलं, शेगडीजवळ ठेवल्याने प्लास्टिक बसलं असणार, किंवा आजारपणात बोट जोरात टेकलं असणार. बिचारे! मी ठरवलं की या माणसाची मोटार मी अशी करून देईन की वर बसलेल्या त्याच्या आत्म्याने खाली वाकून पाहावं. पोच्यात पुट्टी भरली, वाळवली (त्या यंत्रात), घासली, पुन्हा भरली. रंगाचे सात थर दिले. आसनांचे पट्टे रिबिनीचे केले, पुढच्या जाळीसाठी नोबुएचा एक जुना पायमोजा कापला. (जुना नव्हता, असं नंतर कळलं. अबोल्याचं ते दुसरं कारण.) तीन महिन्यांत दुसऱ्या मोटारीला हात लावला नाही.

मे महिन्यातल्या मोठ्या प्रदर्शनात आमच्या मंडळाला टेबल मिळतं. देशभरातून माणसं येतात. ती पिवळी मोटार मी मध्यभागी ठेवली, पुढे तोकुजीसानांच्या नावाची पाटी. लोक थांबत होते, वाकून पाहत होते. ओसाकाचा एक जण तर दोनदा आला. दुपारी कुरेबायाशीबाई आल्या, चांगला किमोनो नेसून. टेबलासमोर उभ्या राहिल्या. मग वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"मागची डावी बाजू ही का?" त्यांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो. ताई, त्या वेळचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. "तिथं मोठा पोचा होता. भरून काढला. आता भिंग लावलं तरी सापडायचा नाही."

बाईंनी मला कमरेतून वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "फार सुंदर झाली आहे. आपल्याला फार कष्ट पडले. अगदी नवी कोरी दिसते." आणि पेटी न मागता निघून गेल्या.

मला वाटलं, भारावल्या. शिओझावासान मागे उभे होते. त्यांनी माझी बाही धरून मला खांबाआड नेलं आणि म्हणाले, "मोचिझुकी, तू गाढव आहेस. त्या बाईंचा चेहरा पाहिलास का? पोच्याच्या आतून कानशीने प्लास्टिक पातळ केलेलं होतं की नाही?" होतं, मी म्हणालो. ते मला भरताना दिसलंही होतं, पण मी शेगडीचं नाव सांगितलं. "मग शेगडीला कानस चालवता येते का रे?"

त्या दिवशी मी टेबलापाशी उभा राहू शकलो नाही.

दुसऱ्या सकाळी गोड वड्यांचा डबा आणि मोटार घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दारातच जमिनीला कपाळ टेकलं. बाई म्हणाल्या, "उठा हो, फरशी गार आहे." आत नेऊन चहा दिला. (पाणी उकळतं नव्हतं.) आणि मी न विचारता सांगू लागल्या.

लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांनी नुकता परवाना काढला होता आणि सासूबाईंना मागे बसवून पहिल्यांदा बाहेर पडल्या होत्या. चहाच्या कारखान्याच्या फाटकापाशी गाडी मागे घेताना दगडी खांबाला डावी बाजू आदळली. सासूबाई खाली उतरल्या आणि पायी घरी गेल्या. संध्याकाळी तोकुजीसान शाळेतून आले, पोचा पाहिला, बायकोचं तोंड पाहिलं, आणि आईसमोर जाऊन म्हणाले, "फाटकाशी गाडी मागे घेताना मीच सकाळी खांबाला घासली होती. हिनं फक्त त्याच जागी टेकवली." आईला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. पण गावात बातमी झाली की गाडी शिकवणाऱ्याला गाडी मागे घेता येत नाही. शाळेत शिकणारी पोरं खांब दिसला की "सर, सांभाळून!" म्हणायची. एकोणीस वर्षं ती गाडी त्यांनी वापरली आणि पोचा काढू दिला नाही. बाई दर वर्षी म्हणायच्या, आता तरी दुरुस्त करा. ते म्हणायचे, "राहू दे गं. गाड्यांच्या तळावर आपली गाडी चटकन सापडते."

"मी कोणाला खरं सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. यांचेही कधी धड आभार मानले नाहीत. आणि हे असे की आजारपणात बसून तो पोचाच आधी करत होते. बाकीची गाडी मागाहून."

मी म्हणालो, मी पुन्हा पाडून देतो. त्यांनी स्वयंपाकघरातून चमचा आणला, मी तो गॅसवर गरम केला आणि मोटार हातात घेतली. आणि ताई, हात चालेना. खोटं कशाला लिहू, पश्चात्तापाने थांबला असं नाही; ते सात थर डोळ्यांपुढे आले. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

"हळू," मी म्हणालो, "जास्त दबेल."

"मला ठाऊक आहे किती," त्या म्हणाल्या. "मीच पाडला होता."

आणि त्यांनी चमच्याची पाठ टेकवून दाबलं. रंगाला बारीक तडे गेले, कट् असा आवाज आला, आणि माझी पुट्टी अख्खी एक खपली होऊन टेबलावर पडली. खाली तोकुजीसानांचा पोचा जसाच्या तसा होता, त्यांच्या पहिल्या हाताच्या पिवळ्या रंगासकट. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. मग त्या हसू लागल्या. अगदी ओठांवर हात घेऊन, नव्या नवरीसारख्या. मग त्यांनी मोटार देवघरात ठेवली, डावी बाजू समोर करून, आणि फोटोतल्या तोकुजीसानांना मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, खांबाला मी धडकवली होती. हे मोचिझुकीसान साक्षीला आहेत." मी साक्षीदारासारखा मान खाली घालून बसलो.

इतकंच लिहायचं होतं. गुडघ्यांना जप. भाओजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुझा,
तेरुओ

ता. क. तुझ्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत ना? त्याचं असं आहे की उघडायच्या बाकी असलेल्या मोटारींचे माझ्याकडे दोनशे बारा खोके आहेत. वर्षाला चार होतात, म्हणजे शेवटची जोडायला मला एकशे वीस वर्षांचं व्हावं लागेल. नोबुए म्हणते, घरात पाय ठेवायला जागा नाही, एक तर खोके राहतील नाही तर मी. तेव्हा तुझ्याकडे ठेवावेत म्हणतो.

ता. क. दुसरा. कालच पाठवले. गुरुवारी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पोचतील. त्या वेळी घरी राहा.

वन्सं, मी नोबुए. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून पाकीट डकवण्याआधी लिहिते. मी असं काही एक म्हटलेलं नाही. त्या बाईंच्या घरी यांनी त्यांच्या यजमानांचे न उघडलेले खोके पाहिले, भिंतभर. बाई म्हणाल्या म्हणे, "या खोक्यांचं काय करू, मला कळत नाही." तेव्हापासून हे आपल्या खोक्यांकडे मेलेल्या माणसाच्या सामानासारखं बघतायत. परवा नवीन मोटार सुरू करायला सांगितली तर म्हणाले, पुरी होईल की नाही कोण जाणे. भाताला वास आला तरी चालेल मला. गुरुवारी खोके घेऊ नका. माडी गळते म्हणा, काहीही म्हणा. तसेच्या तसे परत पाठवा, सगळे दोनशे बारा.