यमूचं वेढं

माघ शु. ६, शके १८५४, श्रीवर्धन
स्वारी मुंबईहून आगबोटीनं आली. माझ्या नणंदेसाठी, यमूसाठी, गोरं करण्याचं मलम आणलंय. चिनीमातीची डबी, वर मडमेचं चित्र. सासूबाईंनी आधी देवापुढं ठेवली. पुढल्या महिन्यात नागावची मंडळी यमूला बघायला यायची. "तू सावळी खपलीस, सगळ्याच नाही खपत," हे मला ऐकवून झालं. बरं.

फाल्गुन शु. ३
पसंत! लगेच साखरपुडा, बोटात सोन्याचं वेढं. वैशाखात लग्न. पोर उजळली खरी, पण तोंडापुरतीच. तिन्हीसांजेला माजघरातून दिवा घेऊन आली, तर आधी नुसता चेहरा आला, मागून यमू. माझी ठकी किंचाळून पदरात शिरली. वर्षाची पोर, तिला काय कळतंय.

फाल्गुन व. २
वेढं पांढरं पडलं. पार रुप्यासारखं. सा. कडाडल्या, "नागावकरांनी खोटं सोनं दिलं!" कामाला येणारी राधी हळूच म्हणाली, "न्हाय वयनीबाय, ही नजर हाय. सोनं असं मरत न्हाय." झालं. मीठ-मोहऱ्या ओवाळून वेढ्यासकट शेगडीत. आम्ही सगळ्या भोवती, ठकी मांडीवर. चिमट्यानं काढलं तर पिवळंधमक! सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

पाडवा
वेढं पुन्हा पांढरं. आता दर शनिवारी शेगडी. यमूला मोगरा ओवता येत नाही, सुई थरथरते. हिरड्या सुजल्या. तोंडाला तांब्याची चव येते म्हणते. मध्येच हसते, मध्येच माझ्यावर खेकसते. सा. म्हणतात नजर जबर आहे, मलम दोन वेळा लाव.

चैत्र शु. ७
यमूचा हात लटपटतो म्हणून मलम मी लावून दिलं. दुपारी बघते तो माझ्या अंगठीवर पांढरा डाग! माहेरी दादानं तापमापक फोडलं होतं, तेव्हा आईची पाटली अशीच झाली होती. पारा. नजर कसली डोंबलाची! डबीत पारा आहे, आणि शेगडीत घातला की उडून जातो. जातो कुठं? आम्हीच तर हुंगत बसलो होतो...
सा.ना सांगितलं. "पाऱ्याचं शिवलिंग पुजतात लोक. तुला माझ्या लेकीचं बरं बघवत नाही."
यमूला विहिरीवर गाठलं. ती म्हणाली, "वहिनी, आता थांबवलं तर मी पुन्हा काळी होईन ना? लग्न होऊ दे, मग सोडते." मीही बघून घेतलेलीच बाई.

चैत्र व. १
डबी समुद्रात फेकून आले. घरी येते तो फडताळात दुसरी. स्वारीनं जास्तीच्या आणल्या होत्या. भारी काळजी हो बहिणीची!

वैशाख शु. १०
लग्न लागलं. बोहल्यावर यमू थरथर कापत होती. बायका म्हणाल्या, किती लाजते पोर. मला रडू आवरेना, तेही शोभून गेलं. पाठवणीला सा.नी ओटी भरली. नारळाशेजारी नवी डबी.

वैशाख व. ५
यमूचा निरोप नाही. ठकी रात्रंदिवस किरकिरते, लाळ थांबत नाही. सा. म्हणतात दात येतायत. आज न्हाऊ घालताना तिच्या कानातल्या बाळ्या दिसल्या. पांढऱ्या.
सा.ना विचारलं. "बोटभरच लावते गं. मुलीची जात, आत्तापासून लावलं तर पुढं तुला सोपं जाईल." मायेनंच म्हणाल्या.
बाळ्या काढून ठकीला घेऊन परसात येऊन बसले आहे. आगबोट परवा. मुंबईला स्वारीकडं जावं तर डब्या आणणारी तीच, माहेरी जावं तर
सा. आतून हाक मारतायत, "बाळ्या आण गं, शेगडी पेटलीय, आणि ठकीलाही आण."