पाहुणा तारा आणि गंगसाहेबांचा जावई

लुओयांग, पाचवा महिना, अठ्ठाविसावा दिवस

चि. वेनचीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा पहाटे लोणच्याची कोबी धुवायला अंगणात आले, तर पूर्वेला हा मोठा पाहुणा तारा! तांबूस-पांढरा. उजाडलं तरी जाईना, भर दिवसाही दिसतो. आईने अख्ख्या गल्लीत सांगितलं, की हा सगळ्यांत आधी आमच्या वेनचीने बघितला, वेधशाळेत त्याला उगाच नाही बसवलं. बादशहांनी काय बक्षीस दिलं ते कळव. आणि लग्नाआधी जरा अंग धर.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
ताई

काइफंग, सहावा महिना, चौथा दिवस

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईला आधी गप्प कर. तो तारा मी सोडून सगळ्यांनी बघितला.

इथे वेधशाळा दोन, एक आमची आणि एक राजवाड्यातली. एकमेकांना न विचारता आकाश बघायचं आणि सकाळी दरबाराने दोन्ही अहवाल ताडून पाहायचे, अशी शिस्त. राजवाड्यातल्या वेधशाळेत माझे होणारे सासरे गंगसाहेब. आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्यांच्या घरी चहा पिता पिताच रात्री आकाशात काय दिसणार ते ठरवतो आणि आपापल्या घरी छान झोपतो. त्या दिवशी ‘नवीन काही नाही’ असं ठरलं. मी तसंच लिहिलं. पण पहाटे त्यांची सूयिन परसात कोंबड्या सोडायला गेली, तिने तारा बघून वडिलांना गदागदा हलवून उठवलं. त्यांनी आपला अहवाल बदलला आणि मला कळवलंही नाही!

आता चौकशी बसली आहे. नोकरी गेली तर लग्नही गेलं. ताई, पडद्याआडून हसते ती सूयिन, मला फार आवडते गं. भीतीने मी अजून मान वर करून तो तारा पाहिलेलासुद्धा नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा वेनची

लुओयांग, सहावा महिना, पंधरावा दिवस

चि. वेनचीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, वि. वि.

काल काइफंगहून मध्यस्थ बाई आल्या. लग्न मोडलं असं समजून आई आत रडत बसली, चहासुद्धा मीच दिला. तर बाई म्हणाल्या, की अहवाल रोज कसे जुळतात याचाच चौकशीवाल्या साहेबांना संशय होता. या खेपेला जुळले नाहीत, तेव्हा दोघंही प्रामाणिक आहेत अशी त्यांची खात्री पटली! तू फक्त आंधळा आहेस. म्हणून तुला आकाशावरून काढून पंचांगं छापायला बसवलं. हे आम्हाला लिहायला काय झालं होतं तुला?

गंगसाहेब खूश आहेत. ज्याला सासरचं काही दिसत नाही असा जावई शोधून मिळत नाही, म्हणाले. लग्न नवव्या महिन्यात.

सूयिनचा निरोप मात्र वेगळा आहे. लग्नानंतर पहाटे कोंबड्या तू सोडायच्यास, आकाश नीट बघायचंस आणि काय दिसलं ते तिला सांगायचंस. ती आधीच बघून आलेली असेल.

माया आहे तेवढीच आहे, काळजी नसावी.
ताई