तंबूतले इंडियन

आबा, परवा नातवानं घोडेस्वारांचा एक जुना इंग्रजी सिनेमा लावला आणि मला तुमचा आवाज आठवला. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं झाली. सांगलीला नदीकाठच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. इंग्रजी खेळ आला की पडद्याशेजारी उभं राहून तो लोकांना मराठीत सांगायचं काम तुमचं. लढाई संपून पलटणीतून परतलेले तुम्ही, इंग्रजी कळणारे तेवढे एकटेच. मी दहा वर्षांची, आईबरोबर बायकांच्या बाजूला बसायचे. त्या सिनेमात गोरे "इंडियन, इंडियन" ओरडत डोक्याला पिसं लावलेल्या माणसांना गोळ्या घालत होते. पुढच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं, ह्ये आमालाच मारत्यात व्हय?"

तुम्ही पडद्याकडे बोट करता. मग म्हणता, "न्हाई आजोबा, ह्ये तिकडचं इंडियन. रान त्यांचंच हाय. गोरा आज सकाळी आला आन् म्हणतोय, माझ्या रानात शिरलासा कसं?" तंबू हसतो. पडद्यावरचा गोरा बंदूक रोखतो आणि तुम्ही अगदी मऊ आवाजात त्याच्या तोंडी घालता, "चोर कुठला! सोताच्या घरात ऱ्हातोस?" पुढं चेहरे जवळून दिसल्यावर तुम्ही सांगितलंत, "नीट बघा, रंग फासल्यालं गोरंच हायती. मारणारा गोरा, मरणारा बी गोरा, शिव्या तेवढ्या इंडियनला." बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी आई म्हणाली, "कशाला वढवून घेताय? राज्य अजून त्यांचंच हाय." तुम्ही भाकरी मोडत होतात. "लढाईत, तिकडं मिसर देशात, पाण्याच्या टाकीवरनं गोऱ्यानं मला हुसकलं. काळ्यांची टाकी म्हणं पल्याड. तवा तोंड उघडता आलं न्हाई," एवढंच म्हणालात.

चौथ्या खेळाला फौजदार येऊन बसला. मालकानं तुम्हाला बजावलं होतं, आहे तेवढंच सांगा. तुम्ही तसंच सांगू लागलात: गोरा शूर, इंडियन रानटी. कुणी हसेना. मग गोऱ्यानं बंदूक रोखली, तुम्ही फौजदाराकडे बघितलंत आणि तेच वाक्य त्याच मऊ आवाजात म्हणालात. तिथल्या तिथं तुमचं काम गेलं. आपण गावी, कुंडलला शेतावर परतलो. त्यानंतर तुम्हाला कुणाला हसवताना मी पाहिलं नाही.

फौजदाराच्या कानावर हे मालकानंच घातलं, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून लिहिते. फौजदाराची मुलगी शाळेत माझ्या शेजारी बसायची. तुमचा सगळा खेळ मी तिला करून दाखवला होता. ती हसली, म्हणून पुन्हा दाखवला.