पाच मार्कांचं पत्र

४ जानेवारी
इंग्रजीच्या सराव परीक्षेत ऐंशीपैकी एकोणीस. पेपर चुलीत घालणार होते, आईने ओढून घेतला. तिला वाचता येत नाही, पण लाल शाई दिसते. म्हणाली, "दहावीत नापास झाली त पुढच्या सालापासून माह्यासंग जंगलात यायचं. मोहा, तेंदू, सारं." ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली. मागच्या एप्रिलपासून मी जंगलात पाय टाकलेला नाही, हे तिला माहीत आहे.

७ जानेवारी
इं.ला नवे सर आले. भद्रावतीचे, वडील माजरीच्या कोळसा खाणीत होते म्हणे. चामोर्शीत खोली केली आहे, तिथून गाडीने येतात. व्याकरण आता देवाच्या हवाली, म्हणाले, दोन महिन्यांत लेखन पक्कं करू. पत्राचे पाच मार्क म्हणजे घरचेच. "गाइडमधला राहुल अन् त्याची मुंबईची मावशी सोडून द्या. खऱ्या मैत्रिणीले लिवा. खरं असलं का इंग्रजी आपोआप येते." नाही येत. पण ऐकायला बरं वाटलं.
गृहपाठ: मैत्रिणीला आपल्या गावच्या मंडईचं बोलावणं. आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, २१ ला. पाहुणे, पाळणे, नाटक, लिहायला भरपूर.

८ जाने.
खरी मैत्रीण एकच होती. तिचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. आमच्या गावात वाघाने नेलेल्या माणसाचं नाव वर्ष होईपर्यंत घेत नाहीत. मेली म्हणत नाहीत, नेली म्हणतात. वर्ष झालं की शिवेवर लाकडी खांब गाडायचा, गडव्यात, म्हणजे तांब्यात, पाणी घेऊन तिला घरी आणायचं, मग नाव मोकळं होतं. तिचं वर्ष ९ एप्रिलला.
पण पत्रात डिअरच्या पुढे कुणाचं तरी नाव लागतंच. लिहिलं. इंग्रजीत चालत असेल असं मनाशी म्हटलं. मग हात थांबेना. पहिल्यांदाच इं.चं पान पूर्ण भरलं.

१० जाने.
पाचपैकी पाच!! सरांनी वर्गात वाचून दाखवलं. मंडईला नक्की ये, चारच्या बसने ये, या वेळी मी तुझी वाट बघेन. नाव वाचलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. सरांना वाटलं पत्र फारच आवडलं. फोटोही काढला वहीचा.
"या वेळी" कशाला लिहिलं ते मलाच माहीत. तिला नेलं त्या दिवशी आम्ही दोघी सकाळी मोहा वेचायला जाणार होतो. दुसऱ्या दिवशी माझा नववीचा इं.चा पेपर. मी गेले नाही आणि निरोपही दिला नाही. ती शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली बराच वेळ उभी होती, असं नंतर कळलं. मग एकटीच गेली. त्या पेपरात मला तीस मार्क पडले.

११ जाने.
बातमी घरी पोचली. आई तांदूळ पाखडत होती, सूप खाली ठेवलं.
"नाव घेतलं?"
"लिवलं."
"बोलावलं?"
मान हलवली.
"शिवेबाहेरच्याले असं बोलवत नाई, पोरी. खांबाच्या आधी बोलावलं त ते एकटं येत नाई. ज्यानं नेलं तो मागं मागं येते."
सराव होता गं, म्हटलं. आई म्हणाली, "तिले काय मालूम सराव होय का खरं होय."


१५ जाने.
शाळेच्या वाटेवर तिची माय उभी. नऊ महिने ही बाई कुणाशी धड बोललेली नाही. म्हणाली, "चिठ्ठी वाचून दाखव." म्हटलं, काकू, ती अभ्यासाची आहे. "वाच." सायकल स्टँडवर लावली, वही काढली, मराठीत करून सांगितली. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावली.
"तारीख कोनती टाकली?"
"एकवीस."
"गाडी कितीची?"
"चारची."
पदराने तोंड पुसलं. "वडे करते मंग. मंडईले तिले वडेच लागते."
पुढे शाळेत काय शिकवलं, आठवत नाही.

२१ जाने., मंडई
आत्ता सहा वाजलेत. जसं झालं तसं लिहून ठेवते.
आईला पाळण्यात बसते सांगून पावणेचारला थांब्यावर गेले. काकू आधीच आलेली, घडीचं लुगडं नेसून. बस आली. पाच-सहा पाहुणे उतरले, पिशव्या, पोरंबाळं. सगळे गेले तरी कंडक्टर दार धरून उभा. आत बघून कुणाला तरी घाई करावी तसा हात हलवला. मग बाजूला झाला, जरा थांबला, घंटी दिली. बस गेली. थांब्यावर रोज तीन कुत्री लोळत असतात. ती उठली, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. भुंकली नाहीत.
काकू म्हणाली, "चाल." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही.
घरापर्यंत काकू उन्हातून चालली. सावलीची बाजू मोकळी सोडली. मी मागे. एकदा वाटलं, पुढे होऊन तिच्या बाजूने चालावं. गेलेच नाही. तिथे जागा नव्हती.
अंगणात तीन पानं मांडली. वडे गरम होते. मी माझ्या पानावरचे खाल्ले आणि तिसऱ्या पानाकडे बघायचं टाळलं. भीती वाटत होती हे तर झालंच, पण खरं लिहायचं तर बरंही वाटत होतं. ती इथेच असल्यासारखं. त्याचीच आता लाज वाटते आहे.

२२ जाने.
सकाळी बस थांब्यापासून काकूच्या घरापर्यंत ठसे. बशीएवढे. सगळा गाव दुसऱ्या टोकाला मांडवात होता, कुणी काही ऐकलं नाही. अंगणातल्या सारवणात सगळ्यात साफ उमटलेत. येतानाचे आहेत. जातानाचे नाहीत.
फॉरेस्ट गार्डभाऊ टेप घेऊन आले. म्हणाले, घरामागे मुरूम आहे, तिथं उमटत नाई. "वाघबी मंडईले आला म्हना." स्वतःच हसले.

२५ जाने.
जादा तास बंद. सायकल बंद. दहाच्या बसने जायचं, तीनच्या बसने यायचं. हातपंपावर मी गेले की बायका बादल्या उचलून बाजूला होतात. पाणी लवकर मिळतं, तेवढाच फायदा.

२८ जाने.
आईचा हुकूम. "ज्या भाषेत बोलावलं त्याच भाषेत परत पाठव."
दुपारभर बसून लिहिलं. डिअर ती, प्लीज डू नॉट कम. एवढं जमलं. पुढे कारण द्यावं लागतं, सरांनीच शिकवलंय, कारण नसलं तर अर्धा मार्क जातो. कारण काय देऊ? मंडई संपली? गाव घाबरलं? मी घाबरले?
काकूला कुणी सांगितलं कोण जाणे. दारात आली, माझं मनगट धरलं. "नको लिवू. माही पोरगी येऊन राह्यली त येऊ दे. मागं कोनीबी असो." आई आतून म्हणाली, "बाई, माह्यी बी पोरगीच होय." दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मग दोघीही रडायला लागल्या. मी पान फाडलं.

३ फेब्रु.
सरांना सगळं सांगितलं. गावात ठसे निघाल्याचं त्यांना माहीत होतं, पत्र कुणाला लिहिलं होतं ते नव्हतं. म्हणाले, "काऊन नाई सांगितलं बेटा?" विचारलं कुठे होतं त्यांनी.
मग म्हणाले, "मी तो फोटो तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. आदर्श उत्तर म्हणून."
म्हटलं, काढून टाका. काढला म्हणाले, कधीचा. पण शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलंय. पोरांनी उतरवून घेतलंय. पाठ करा म्हणून सांगितलंय.

४ फेब्रु.
चामोर्शीला मावसबहीण रेखाला फोन लावला. तीही दहावीला. विचारलं, बोलावण्याचं पत्र येतं का गं तुला? घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द अडखळली नाही. तारीख, चारची बस, या वेळी मी वाट बघेन. नाव तर जोरात घेतलं. मी फोन कानापासून लांब धरला.
"आमच्या वर्गात साऱ्यायले पाठ आहे," म्हणाली. "कोन होय वो ही पोरगी?"
आपल्याकडच्या पोरांना समजलेलं आठवत नाही, पण पाठ केलेलं मरेपर्यंत विसरत नाहीत. इतकी शहाणी पोरं आपण.

१२ फेब्रु.
पलीकडच्या मोठ्या गावात बस थांब्यावर ठसे. तिथेही हायस्कूल आहे. सर म्हणतात, वाघ फिरतोच, त्याचा रस्ता आहे तो, दोन गोष्टी जोडू नको. बरोबरच असेल. पण सर आधी चारला निघायचे, आता तीनच्या आत गाडी काढतात.
काकू रोज चारला थांब्यावर जाते. रोज बस येते, काकू घरी परतते. सावलीची बाजू मोकळी.

२६ फेब्रु.
इं. बऱ्यापैकी सुधारलं. बातमी, भाषण, संवाद, सगळं लिहून झालं. सर म्हणाले, "पत्र दोन येते, एकच लिवायचं असते. तू आपली तक्रार लिव. कोनालेच बोलवायचं नाई." तक्रारपत्र तोंडपाठ केलं. नळाला पाणी नाही, दिवे लागत नाहीत, कचरा उचलत नाहीत. हायसं वाटलं. मला पास व्हायचं आहे. जंगलात जायचं नाही, कुणी काही म्हणो.

५ मार्च
पेपर झाला. चामोर्शीचं केंद्र, चार-पाच शाळांची पोरं एका वर्गात.
पत्राचा प्रश्न. पहिलं, तुमच्या गावच्या कार्यक्रमाला मैत्रिणीला बोलवा, तारीख तुमच्या मनाने. किंवा, नळाच्या पाण्याची तक्रार. नळाचं पाणी बघून मला देव भेटला. पेन उचललं.
तेवढ्यात आवाज आला. सगळी पेनं एकदम चालू झाल्याचा. कुणी विचार करायला थांबलं नाही. माझ्या पुढच्या बाकावर दुसऱ्या शाळेची मुलगी, मोठ्ठं अक्षर. डिअर. पुढे तिचं नाव. शेजारच्या रांगेत तेच. खिडकीजवळ तेच. चाळीस जणांनी एकाच वेळी तिला हाक मारली आणि वर्गात सगळं चिडीचूप. पर्यवेक्षक बाई दारात उभ्या होत्या. त्या बाजूला सरकल्या, कुणाला तरी आत येऊ द्यावं तशा.
तक्रारीत नळाला पाणी आलं असतं, पण या चाळीस हाकांना उत्तर कोण देणार? इतकी बोलावणी गेल्यावर माझ्या एकटीच्या "येऊ नको"चा काय उपयोग होता? आणि पाच मार्क जाणार ते वेगळंच.
मी बोलावण्याचंच लिहिलं. तारीख ९ एप्रिल. कार्यक्रम, तुला घरी आणायचा. शिवेवर खांब असेल, गडवा असेल, तुझी माय असेल, मी ऐनाखाली सकाळपासून उभी असेन. शेवटी सही करायच्या आधी दोन शब्द जास्तीचे घातले, कुणाच्याच पाठांतरात नसलेले. कम अलोन. एकटी ये.
अक्षर वाईट आलं. अक्षराचे मार्क जातील.

६ मार्च
दुपारी काकूकडे जाऊन सांगितलं. अंगण सारवत होती, हात न थांबवता ऐकत होती.
"नऊले? बरं झालं. रीतीनं होईन सारं. अन् एकटी ये मनून लिवलं?"
"हो."
आईला हे सांगितलं तेव्हा तिने दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. काकूही हसेल असं वाटलं. ती सारवत राहिली. मग विचारलं, "अन् बाकीच्या पोरायनं कोनती तारीख टाकली?"
मला माहीत नाही. पाठ केलेली एकवीस जानेवारी तर होऊन गेलेली, तारीख ज्याची त्याच्या मनाने होती. कुणी आजची टाकली असेल, कुणी उद्याची, कुणी सुट्टीतली. मी पुढच्या मुलीने लिहिलेलं नाव फक्त बघितलं, तारीख बघितली नाही. वेळ मात्र सगळ्यांची चारचीच असणार.
आता साडेतीन झालेत. काकू लुगडं बदलून निघाली, खिडकीतून दिसते आहे. आई म्हणते, जाऊ नको. पण वाट बघेन असं लिहिलेलं मूळ पत्र माझं आहे, आणि एकदा मी गेले नव्हते.
सवी, आज येत असशील तर एकटी ये.
चपला घालते आहे.