मंगळवारची मळकी हवा

सेंट हेलेना बंदर,
९ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांची छाती कशी आहे? डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. इथून विमान नाही, आमची संशोधनाची बोट मागे फिरत नाही. ईस्टरला पोचतेच, तोवर त्यांना माझ्यासाठी जपून ठेव.

आम्ही समुद्रावरच्या हवेतला ओझोन मोजतो. समुद्र तो किती गिळतो याचं गणित मांडायचं आणि आपल्या घराशेजारच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघायचं. ते आकडे रोज बिनतारी येतात. घरात डोकावल्यासारखं वाटतं गं.

पण मंगळवारी काय गोंधळ घातलात? दुपारी ओझोन एकदम तळाला! गाड्यांचा धूर ओझोन खातो हे बाबांना पाठ आहे. केंद्राचे आकडे बिघडू नयेत म्हणून आपलं खटारं ते टेकडीपलीकडे लावतात. मग एवढ्या गाड्या दारात कशा? कुणाचं लग्न लावलं की काय? त्यांना म्हणावं, लेकीच्या कामात माती कालवलीत. मळकी हवा म्हणून त्या तासांचे आकडे मी खोडून टाकलेत.

दोघांचा लोभ असू द्या.
तुमची,
नोरीन

कार्ना, कॉनेमारा,
४ मार्च १९९६

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टाच्या दारातच वाचलं. लग्न नव्हतं गं पोरी. तुझे बाबा रविवारी गेले. मंगळवारी माणसं त्यांना पोचवायला आली होती.

नोरीनला कळवू नकोस, भर समुद्रात एकटी रडत बसेल, असं त्यांनीच मला बजावलं. मी ऐकलं. चुकलं का, ते तूच सांग.

शेजारचा कोलमन रस्त्यात उभा राहून ओरडत होता की गाड्या लांब लावा, नाहीतर आपला फेस्टी शवपेटीतून उठून शिव्या घालील. माणसं हसली. पण पाऊस मी म्हणत होता, सगळी म्हातारी माणसं, ऊबेसाठी गाड्यांची इंजिनं चालूच ठेवलेली, कोण ऐकतंय?

केपटाउनला हे हाती पडेल तेव्हा जवळ कुणीतरी असू दे. पोटभर जेव.
तुझी,
आई

केपटाउन,
२७ मार्च १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू चुकली नाहीस. पण मी त्यांची थट्टा करत होते, तेव्हा ते मातीत होते. हे मला सहन होत नाही.

खोडलेले तास परत घेता येत नाहीत. घेतले असते तर बाबाच ओरडले असते. तरी मंगळवारच्या ओझोनची रेघ मी कागदावर काढून पाहिली. दुपारी ती खाली बसते आणि अंधार पडेपर्यंत तशीच राहते. माणसं बराच वेळ थांबली म्हणायची. मग रेघ वर चढू लागते. तिथे शेवटची गाडी निघाली असणार.

तिथून पुढे घरात तू एकटी होतीस.

निघालेच आहे. आशीर्वाद असावा.
तुझी,
नोरीन